चाकाच्या कडेला

दुर्बीण खरं तर भिगवणची. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायला म्हणून घेतलेली, 8 बाय 42 ची, पट्ट्याची शिवण एका बाजूला उसवलेली. लेकीकडे पॅरिसला निघताना ती मी बॅगेत टाकली तेव्हा घरात हशा झाला. तिकडे कुठले पक्षी बघणार आहेस, म्हणे. मी काही बोलले नाही. 30 वर्षं शाळेत भूमिती शिकवली. आता निवृत्तीनंतर एवढा खर्च करून आपण एक वर्तुळ बघायला चाललोय, हे घरच्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

ते वर्तुळ फ्रान्समधल्या शार्त्रला आहे, तिथल्या जुन्या ख्रिस्ती देवळातली रंगीत काचेची गोल खिडकी. एक नाही, तीन आहेत. मोंपार्नास स्टेशनातून गाडी धरली की तासाभरात, फार तर सव्वा तासात शार्त्र येतं. वाटेत नुसता गव्हाचा सपाट मुलूख, डोळा अडेल असं काही नाही, आणि मग एकदम त्या गव्हातून दोन मनोरे वर येतात. एक 105 मीटरचा, एक 113 चा. उंची वेगळी, घाट वेगळा. मधे साडेतीन शतकं गेली आणि दुसऱ्या मनोऱ्याचा कळस बांधणाऱ्याला पहिल्याची नक्कल करावीशी वाटली नाही. मला हे फार आवडलं. आमच्या सोसायटीत एका विंगला वेगळा रंग दिला तर तीन मीटिंगा होतात.

बाहेरून बघाल तर गोल खिडकी म्हणजे साफ निराशा. राखाडी दगडात कोरलेली मोठी जाळी आणि जाळीच्या भोकांत काळपट काहीतरी बसवलेलं. जुन्या वाड्याच्या माळ्यावरचं, वर्षानुवर्षं न पुसलेलं तावदान असतं ना, तसं. "हेच का ते?" लेक म्हणाली. तिने तोवर दोनदा घड्याळ बघितलं होतं.

आत गेलो. भिंती अलीकडे साफ करून फिकट पिवळसर रंगवल्या आहेत. त्यावरून तिकडे बराच वाद झाला. शतकांची काजळी घालवली की शतकं घालवली, असा. मला काजळीतलं देऊळ माहीत नव्हतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते. आणि दक्षिणेकडच्या भिंतीत, खूप उंचावर, बाहेर जे काळपट होतं ते पेटलेलं होतं.

पेटलेलं हा शब्द मी जपून वापरते आहे. चित्रावर उजेड पडला की चित्र दिसतं, ही आपली रोजची सवय. इथे उजेड चित्राच्या पाठीमागून येतो. रंग काचेवर लावलेला नाही, काचेतच आहे. वाळू आणि बीचच्या लाकडाची राख वितळवायची, त्यात कोबाल्ट पडलं की निळा, मॅंगनीज पडलं की जांभळट, तांबं पडलं की लाल. लाल मात्र इतका गडद व्हायचा की पूर्ण जाडीची लाल काच उजेड येऊ देईना. म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवायचे. फक्त चेहऱ्यांच्या रेषा, कपड्यांच्या चुण्या, बोटं एवढंच कुंचल्याने काढायचं. तो रंग धातूची पूड आणि दळलेली काच यांचा. नंतर भट्टीत भाजून पक्का करायचा. मग सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत अडकवून डाक द्यायचा. ही जी काळी रेघ प्रत्येक रंगाभोवती फिरते ती रेघ नाही, शिसं आहे.

शिसं का? मऊ असतं म्हणून. उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्यांचा व्यास साडेदहा मीटरच्या आसपास. पाय आर वर्ग करून बघा, 86 चौरस मीटर येतात. मुंबईत एवढ्या जागेत टू बीएचके बसवून वर बाल्कनी देतात. एवढी काच वाऱ्यासमोर उभी करायची तर ती थोडी वाकली पाहिजे, कुरकुरली पाहिजे. शिसं ते करू देतं, आणि दगडात रोवलेले लोखंडी गज तिला फार वाकू देत नाहीत. जाता जाता एक सांगते. जुनी काच खाली जाड असते कारण ती शतकानुशतकं हळूहळू ओघळते, असं ठासून सांगणारा माणूस प्रत्येक देवळात भेटतो. आम्हालाही भेटला. काच ओघळत नाही. फुंकून केलेली काच मुळातच कुठे जाड कुठे पातळ निघते, एवढंच.

आता वर्तुळाकडे येते. आठवीच्या वर्गात नवी कंपासपेटी आली की मुलं पहिली गोष्ट कुठली करतात? कर्कटकाचं तोंड न बदलता परिघावरून टोक फिरवतात आणि सहा पाकळ्यांचं फूल काढतात. कुणी शिकवावं लागत नाही. पुस्तकात प्रमेय बरंच पुढे येतं, फूल आधी येतं. वर्षानुवर्षं बाकांवर, वह्यांच्या पाठपानांवर, एकदा तर माझ्या टेबलावर मी ते फूल बघत आले. त्रिज्या परिघावर बरोबर सहा वेळा बसते. प्रत्येक कंस दुभागला की बारा. पुन्हा दुभागला की चोवीस. शार्त्रच्या तिन्ही खिडक्या बाराच्या आहेत. बारा प्रेषित, बारा महिने, बारा राशी अशी कारणं सांगतात आणि ती असतीलही. पण मला खात्री आहे की आधी दोरी आणि खुंटी होती, बारा नंतर आले. पॅरिसच्या नोत्र-दाम देवळाची उत्तरेकडची खिडकी सोळाची आहे, बाहेर जाताना बत्तीस. तिथला माणूस चौकोनापासून निघाला असणार. असल्या गोष्टी कळल्या की मला उगाचच गवंड्याशी ओळख झाल्यासारखं वाटतं.

पश्चिमेची खिडकी सगळ्यांत जुनी, 1215 च्या सुमाराची, 12 मीटरची. 1194 च्या जूनमध्ये आग लागून आधीचं देऊळ बहुतांशी जळालं. पश्चिमेची दर्शनी भिंत आणि तिच्यातल्या खालच्या तीन उंच खिडक्या तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्या डोक्यावर ही नवी गोल खिडकी बसवली. ती नीट बघितली तर कळतं की ही अजून भिंतच आहे. भिंतीला भोकं पाडावीत तशी दगडी पाट्यांना भोकं पाडलेली आहेत, दगड जास्त, काच कमी. नोत्र-दामच्या मोठ्या खिडक्या 1250 ते 1260 च्या दरम्यानच्या. तिथे दगड म्हणजे नुसत्या काड्या उरल्या. मधल्या काळात, रीम्स गावच्या देवळाच्या बांधकामावर, कुणीतरी ठरवलं की भिंतीला भोक पाडण्यापेक्षा भोकातच दगडाच्या सळ्यांची जाळी विणावी. पन्नास वर्षांच्या आत भिंत गेली. प्रवासवर्णनांतून या जाळ्यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात, पण मला पश्चिमेचीच जास्त आवडली. ती थोडी अडाणी आहे. दगडाला अजून आपलं वजन आठवतंय.

नावाचाही घोळ आहे. या खिडक्यांना आज गुलाब-खिडक्या म्हणतात, पण गुलाब हे नाव नंतर चिकटलं. त्या काळच्या लेखी ते चाक होतं, लॅटिनमध्ये रोटा. छोट्या गोल खिडकीला फ्रेंच लोक बैलाचा डोळा म्हणतात. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसले. कारण आपण खिडकीला गवाक्ष म्हणतो आणि गवाक्ष म्हणजे गायीबैलाचा डोळाच की. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या तोंडावर घोड्याच्या नालासारखी जी प्रचंड कमान आहे, तिच्यातून येणारा उजेड आत स्तूपापर्यंत जातो, तिलाही आपण गवाक्षच म्हणतो. यांनी त्यांच्याकडून घेतलं की त्यांनी यांच्याकडून, असल्या भानगडीत मी पडत नाही. दोन्हीकडे गुरं होती, दोन्हीकडे काळोख होता.

तर दुर्बीण. आतल्या खुर्चीवर बसून मान मागे टाकली आणि ती डोळ्यांना लावली.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत."

पहिल्यांदा कळलं की खालून जो नुसता रंगांचा चुरा दिसतो तो चुरा नाही. माणसं आहेत. प्रत्येकाला डोळे, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. दक्षिणेच्या खिडकीत मधोमध ख्रिस्त, भोवती देवदूत आणि बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातले चार जिवंत प्राणी, आणि त्यांच्या बाहेर त्याच पुस्तकातले 24 वडील, म्हणजे वडीलधारे, डोक्यावर मुकुट घालून बसलेले. हातात वाद्यं आणि कुप्या. जमिनीवर उभ्या माणसाला या कुप्या दिसत नाहीत. तेराव्या शतकात दुर्बीण नव्हती, चष्मासुद्धा त्या शतकाच्या अखेरीला आला. तरी काढल्या. अडाणी लोकांना बायबल वाचता यावं म्हणून काचेत चित्रं केली, असं सरसकट सांगतात; खालच्या खिडक्यांपुरतं मी ते मानीन. पण एवढ्या उंचावर कुपीचा गळा निमुळता काढणारा माणूस वाचकाचा विचार करत नव्हता. तो काम करत होता.

दुर्बिणीची गंमत अशी की तिच्यात खिडकी मावत नाही. एक वडील दिसतो, मग दुसरा. गोल दिसेनासा होतो. मी परिघावरून सरकत राहिले आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं, मी एकदाही मध्यावर गेले नाही. मध्यावर कोण असणार हे आधीच ठाऊक असतं. उत्तरेच्या खिडकीत बाळाला घेतलेली मरिया, दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या खिडकीत ख्रिस्त. मध्यबिंदूला प्रश्न नसतात. भूमितीतही त्याला लांबी नाही, रुंदी नाही. जे काय घडतं ते कडेला.

उत्तरेच्या खिडकीचं बघा. मरिया, मग कबुतरं आणि देवदूत, मग यहूदाचे बारा राजे, तेही सरळ उभ्या नव्हे तर एकमेकांकडे कललेल्या चौकोनांत, त्यामुळे सगळी खिडकी हळूहळू गरगरत असल्याचा भास होतो, आणि अगदी काठावर अर्धवर्तुळांत बारा संदेष्टे. पण राजे आणि संदेष्टे यांच्या मधून सगळीकडे निळ्यावर सोनेरी लिलीची फुलं, आणि खालच्या कोपऱ्यांत लिलीबरोबर पिवळे किल्ले. लिली फ्रान्सच्या राजाची, किल्ले स्पेनमधल्या कास्तील राज्याचे. म्हणजे देणगी राजघराण्याची, कास्तीलच्या ब्लांश राणीची. नवरा वारल्यावर लहान मुलाच्या नावाने ती राज्य चालवत होती. त्या खिडकीखाली पाच उंच खिडक्या आहेत. मधे मरियेला कडेवर घेतलेली संत ॲना, बाजूला मलकीसदेक, दावीद, शलमोन, अहरोन. त्या चार थोर पुरुषांच्या पायाशी चार छोटी दृश्यं. दावीदाच्या पायाखाली शौल राजा स्वतःच्या पोटात तलवार खुपसतोय. अहरोनाच्या पायाखाली फारो घोड्यावरून उलटा पाण्यात पडतोय. वरच्या महापुरुषांकडे मी फार वेळ बघितलं नाही, फारोचा घोडा मात्र विसरत नाही.

आता वळून दक्षिणेकडे बघायचं. वडिलांच्या मधून सोनेरी-निळ्या चौकटींचा पट्टा फिरतो. हा शिक्का ब्रिटनीच्या ड्यूकचा, प्येर मोक्लेरचा. मोक्लेर म्हणजे वाईट पाद्री; धर्माच्या शिक्षणाला घातला होता, सोडून आला, म्हणून हे टोपणनाव. आणि या प्येरने 1227 पासून वर्षानुवर्षं बंड केलं ते कुणाविरुद्ध? समोरच्या खिडकीतल्या ब्लांशविरुद्ध. दोघांच्या देणग्या एकाच देवळात, समोरासमोर, मधे फक्त हवा. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं असतं, पंखा फिरायला लागला की नाव पुसलं जातं, बंद पडला की दिसतं. तिकडे नाव उजेडातच मिसळून ठेवलंय. ड्यूक, त्याची बायको आणि मुलं खालच्या खिडक्यांच्या तळाशी हात जोडून बसलेली आहेत. ती मात्र दुर्बिणीशिवाय दिसतात. त्याची सोय त्यांनी बघितली.

त्याच खालच्या पाच खिडक्यांतल्या चारांत एक विलक्षण प्रकार आहे. यशया, यिर्मया, यहेज्केल, दानीएल हे चार जुने संदेष्टे ताठ उभे, आणि त्यांच्या खांद्यांवर ख्रिस्ताची शुभवर्तमानं लिहिणारे मत्तय, लूक, योहान आणि मार्क बसलेले. खरोखरच बसलेले, पाय खाली सोडून. जत्रेत बापाच्या खांद्यावर पोर बसतं तसे. वरचे लहान, खालचे मोठे. शार्त्रच्या शाळेत शंभर वर्षं आधी बर्नार नावाचे एक शिक्षक होऊन गेले. आपण राक्षसांच्या खांद्यावर बसलेले खुजे लोक आहोत; लांबचं दिसतं ते आपल्या नजरेमुळे नाही, त्यांनी उचलून धरलंय म्हणून दिसतं, अशा अर्थाचं ते सांगत. ते लिहून ठेवलं सॉल्झबरीच्या जॉनने, जो पुढे याच शार्त्रचा बिशप झाला. काचेतलं चित्र त्या वाक्यावरूनच काढलं असं मी म्हणत नाही. पण शाळामास्तराचं वाक्य त्याच्याच गावातल्या देवळात शंभर वर्षांनी तंगड्या हलवत बसलेलं दिसावं, याचा एका मास्तरणीला आनंद झाला तर कुणी हसू नये. मला सगळ्यांत गंमत वाटली ती यशयाच्या चेहऱ्याची. ओझ्याचा मागमूस नाही.

कडेची ही खोड मला मग इतर ठिकाणीही दिसायला लागली. फ्रान्समधल्याच आमियां गावच्या देवळाची दक्षिणेकडची खिडकी बाहेरून बघायची असते. तिच्या वरच्या अर्ध्या काठावर दगडाची 17 माणसं आहेत. डावीकडून आठ तरुण वर चढतायत. सगळ्यांत वर एक मुकुट घालून बसलाय. उजवीकडून आठ खाली घसरतायत, दाढ्या वाढलेल्या, कपडे फाटलेले. हे दैवाचं चाक. रहाटगाडग्याची पोहरी वर येते ती रिकामी व्हायलाच येते, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. बोव्हे गावच्या एका जुन्या चर्चमध्ये हेच चाक त्याआधी, बाराव्या शतकात, पूर्ण गोलात केलेलं आहे. आत देव, बाहेर दैव. एकाच भोकाच्या दोन बाजू. बिशपांनी याला परवानगी कशी दिली कोण जाणे, पण दिली.

आणि मग लोझान. स्वित्झर्लंडमधलं. तिथे मी गेलेले नाही, चित्रांतच बघितलंय, त्यामुळे थोडक्यात. तिथल्या खिडकीत देवाधर्मापेक्षा पंचांग जास्त आहे. आज तिच्या मधोमध वर्ष बसलंय, त्याच्याभोवती ऋतू, महिने, पंचमहाभूतांतली चार, बारा राशी. व्हिलार द ऑनकूर नावाचा एक भटक्या 1230 च्या सुमारास वहीत मनोरे, यंत्रं, सिंह असं दिसेल ते काढत हिंडायचा; त्याने शार्त्रची पश्चिमेची खिडकी काढली आणि ही लोझानचीही काढली. दोन्ही चुकीच्या काढल्या. जागेवर उभं राहून काढल्यात तरी चुकीच्या, किंवा त्याला तशा जास्त बऱ्या वाटल्या. मी त्याला पाचपैकी साडेतीन दिले असते.

लोझानच्या खिडकीचा काठ म्हणजे जगाचा काठ. तिथे वारे आहेत, एदेन बागेतून निघणाऱ्या चार नद्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला जगाच्या टोकाला राहणारी विचित्र माणसं. डोकं नसलेली, छातीवर डोळे असलेली वगैरे. नद्यांपैकी एक पीशोन. मराठी बायबलात उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तिचं नाव सापडेल. मध्ययुगातले विद्वान पीशोन म्हणजे गंगा असं धरून चालत. आणि त्या विचित्र माणसांपैकी कित्येकांचा पत्ता जुन्या ग्रंथांत एकच दिलेला असे, हिंदुस्थान. कुत्र्याच्या तोंडाची माणसं हिंदुस्थानातली, एकाच प्रचंड पायाची सावली करून झोपणारी माणसंही हिंदुस्थानातली. म्हणजे दुर्बीण घेऊन परीघ धुंडाळत बसलेली मी जिला शोधत होते ती मीच होते म्हणायची. त्यांच्या चाकाच्या शेवटच्या आरीवर, एका पायाने.

राग आला नाही. आपल्याकडेही जुन्या गोष्टींत सात समुद्रापलीकडे राहणारे सगळे राक्षसच असतात.

दुपारी चारनंतर पश्चिमेची खिडकी उजळली. तिच्यात शेवटचा न्याय आहे. कबरींतून उठणारे लोक, तराजू, नरकाकडे हाकलले जाणारे. सूर्य मावळतीला गेल्याशिवाय न्याय दिसत नाही, हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार. लेक तोवर बाहेर कॉफी पिऊन, गावात चक्कर मारून परत आली होती. तिने न मागता दुर्बीण घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. नंतर म्हणाली, "हे सगळं युद्धात कसं टिकलं?"

टिकलं नाही, उतरवलं. 1939 साली युद्ध अंगावर येताना शार्त्रच्या काचा पट्टीपट्टीने काढून पेट्यांत भरल्या आणि दूर नेऊन ठेवल्या. आधीच्या महायुद्धातही काढल्या होत्या. शिशाच्या पट्ट्या उलगडता येतात, गजांवरून चौकटी सोडवता येतात. ही खिडकी मुळातच सुटी आहे. गवंड्याच्या मुलाने दुरुस्त केली, त्याच्या पणतूने पुन्हा केली. कुठला तुकडा तेराव्या शतकातला आणि कुठला एकोणिसाव्या, हे सांगायला तज्ज्ञ लागतात. नोत्र-दामच्या दक्षिण खिडकीत एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करताना व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने सगळं चाकच थोडंसं फिरवून बसवलं, भार नीट उतरावा म्हणून. 15 एप्रिल 2019 च्या रात्री ते देऊळ जळताना आम्ही सगळे इथे टीव्हीसमोर होतो. छपरावरचं शिसं वितळून गेलं, कळस कोसळला. तिन्ही गोल खिडक्या वाचल्या. शिसं किती लवकर वितळतं हे मला माहीत होतं, त्यामुळे त्या रात्री मी मनोऱ्यांकडे न बघता खिडक्याच शोधत होते. टीव्हीवाले मात्र त्या दाखवायला तयार नव्हते.

परत आले ती डोक्यात एक किडा घेऊन. मुंबई विद्यापीठाचं पदवीदान सभागृह. मी तिथे विद्यार्थी म्हणून बसलेली आहे. भाड्याचा काळा गाउन, घाम, आणि नाव कधी पुकारतील याची चिंता. त्या सभागृहात एका टोकाच्या भिंतीत उंचावर मोठी गोल खिडकी आहे, रंगीत काचेची, आणि तिच्यात बारा राशी आहेत. हे मला शार्त्रहून आल्यावर वाचून कळलं. म्हणजे लोझान बघायला जायची गरजच नव्हती, चर्चगेटला उतरायचं.

सर कावसजी जहांगीर रेडीमनींनी लाख रुपये दिले, 1874 मध्ये इमारत पुरी झाली. नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचे. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही. लंडनमध्ये बसून त्याने फ्रान्सच्या तेराव्या शतकाची आठवण मुंबईच्या मैदानासमोर उभी केली. शेजारी त्याचाच राजाबाई टॉवर. त्यावर, खूप उंचावर, पश्चिम हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे 24 पुतळे आहेत. पगड्या, अंगरखे, उभे राहण्याच्या तऱ्हा सगळं वेगवेगळं. ते घडवले राव बहादूर मुकुंद रामचंद्र यांनी, ते तिथे सहायक इंजिनिअर होते. त्याच्या सहाशे वर्षं आधी लोझानच्या काचेत कडेला बसवलेले हिंदुस्थानी लोक इथेही इमारतीच्या कडेलाच आहेत. फक्त आता त्यांना डोकी आहेत, पाय दोन आहेत आणि घडवणारा माणूस त्यांच्यातला आहे. चोवीस हा आकडा बघून मला त्या वडिलांची आठवण झाली. योगायोगच असणार. भूमितीवाल्यांना असे योगायोग फार दिसतात.

गेल्या हिवाळ्यात भाचीबरोबर तिथल्या एका कार्यक्रमाला गेले. दुर्बीण पर्समध्ये मावत नाही, कापडी पिशवीत घातली. कार्यक्रम संपला, माणसं चहाकडे पांगली, मी खुर्चीत मान मागे टाकून बसले. एक शिपाईमामा खुर्च्या आवरत जवळ आले.

"मॅडम, काय बघताय?"

"खिडकी."

"राशी हायत तिच्यात," ते म्हणाले. मला कळायला चाळीस वर्षं लागली ते त्यांना ठाऊक होतं. "बाराच्या बारा. माझी कुंभ. पण कुठली ती खालून कळत न्हाई."

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. आधी त्यांनी ती उलटी लावली, हसले, सुलटी केली. मग दोन पाय फाकवून, खुर्चीच्या पाठीला एका हाताने धरून ते वर बघायला लागले. मान अगदी हळूहळू वळत होती, घड्याळाच्या काट्यासारखी.

"सापडली का?"

"थांबा," डोळे न काढता ते म्हणाले. "आत्ता कुठं कर्केवर आलोय."